नारळ कमानीला, माती माझी

मी एक जुना बांध आहे. शेताचा नव्हे, मित्रांनो, राज्याचा! हजार-बाराशे वर्षांपूर्वी दोन राजांचे भांडण मिटले आणि शेकडो माणसांनी टोपल्यांनी माती वाहून मला उभे केले. अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरे. मला ओलांडण्याआधी घोडेस्वारसुद्धा थांबत.

राजे गेले, तरी गावाची शीव मीच राहिलो. नवी नवरी गावात येवो की सासरी जावो, बैलगाडी माझ्यापाशी थांबे, शिवेचा नारळ फुटे, मगच पुढे जाई. त्या पाण्याची गोडी अजून आठवते.

तीन वर्षांपूर्वी गावाच्या बाजूला, शंभर पावलांवर, ती आली. स्वागत कमान! सिमेंटची, गुलाबी, वर दिव्यांची माळ. सगळे नारळ तिच्या पायाशी फुटू लागले. कालची पोरगी ती! एखाद्या वादळात ती पडावी, असे मी कितीदा तरी मनात म्हटले. गेल्या महिन्यात तिच्याजवळच्या रस्त्याला भराव हवा म्हणून जेसीबी माझ्याच अंगाला लागला, तेव्हा तर माझा नुसता जळफळाट झाला.

शेळ्या राखणारी म्हातारी साखराबाई धावत आली.

"थांब रं शहादेव! ही शीव हाय. उद्या माझ्या नातीची गाडी हितं थांबणार हाय."

"मावशी, शीव आता कमानीपाशी," जेसीबीवाला शहादेव म्हणाला. "हितं कोण थांबतंय? उद्या गाडी थांबली, तर मी हात लावणार न्हाई. न्हाई थांबली, तर मंग तुमी काय बोलायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी साखराबाई पदरात नारळ घेऊन माझ्यावर बसून राहिली. नातीची, सुकन्याची, जीप सासरी उमापूरला निघाली आणि कमानीपाशी थांबली. एक नारळ फुटला. मग दुसरा. मी आशा सोडली.

जीप माझ्याजवळ आली आणि सुकन्या ओरडली, "थांबवा!"

"आत्ताच तर फोडले की," नवरदेव हरिओम म्हणाला.

"ते कमानीचे. आजे, तू नवरी होऊन आलतीस तवा कुठं थांबलतीस?"

"हितंच की, माय."

हरिओमने म्हातारीच्या हातचा नारळ माझ्यापुढे फोडला. जेसीबीत वाट बघत बसलेल्या शहादेवने यंत्र वळवले.

मित्रांनो, तुमच्या शिवारातही असा एखादा लांबलचक उंचवटा असेल. त्याची माती नेण्याआधी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हा कोण आहे म्हणून.

मी आता सुखी आहे असे म्हणालो, तर ते खोटे होईल. त्या दिवशी तिला दोन नारळ मिळाले, मला एकच.