हिरव्या स्वेटरच्या बाह्या

"थांबा हं ताई, आधी ऐका," चष्मेवाले काका म्हणाले आणि पिशवीत घातलेला निळा कोट त्यांनी पुन्हा बाहेर काढला.

गाडीताई थांबली. ऐकून घेण्यात तिचा हात धरणारं संस्थेत कोणी नव्हतं. जुने कपडे गोळा करून गरजूंना देणारी ती संस्था. तिची गाडी ताई कित्येक वर्षं चालवत होती. लोक फोन करत, ती घरी जाई, कपड्यांचे खिसे उलटे करून बघे, घड्या घाली. बहुतेक कपडे गेलेल्या माणसांचे असत आणि देणाऱ्याला काहीतरी सांगायचं असे. काका महिन्याला बायकोचा एकच कपडा देत. चष्म्याचं दुकान त्यांनी कधीच बंद केलं होतं, आणि आता घरात बोलायलाही कोणी नव्हतं.

"हा घालून ही मुलाखतीला गेली होती. नोकरी नाही दिली, पण कोट फार छान आहे म्हणाले."

"मग कोटालाच ठेवून घ्यायचं होतं त्यांनी," ताई म्हणाली. काका मनापासून हसले.

"हिरवा स्वेटर मात्र सगळ्यात शेवटी देणार. त्याचं सांगायला वेळ लागेल."

पुढे संस्थेत नवे व्यवस्थापक आले. माणूस वाईट नव्हता, आणि म्हणणंही काही खोटं नव्हतं. "देणाऱ्याने फोन करायचा, वाट बघायची, वर आपल्यालाच चहा पाजायचा. देणं सोपं पाहिजे." कोपऱ्याकोपऱ्यावर लोखंडी पेट्या आल्या. झाकण ओढा, कपडे टाका, चालू लागा. कपड्यांचे ढीग लागले, लोकही खूश झाले. गाडी विकली गेली आणि ताईची रवानगी कपडे निवडण्याच्या टेबलाशी झाली. काकांना हे सांगायला हवं होतं. पण कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून ती आज-उद्या करत राहिली.

टेबलावर मान वर करायची सोय नसते. धड कपडा उजवीकडे, विरलेला डावीकडे. डावीकडच्याची लगेच फडकी होतात. कोपराशी विरलेला एक हिरवा स्वेटर तिने डावीकडे टाकला. त्याच्यामागून एक करडा झगा आला, मग एक रेनकोट. सगळ्यांचे खिसे उलटे केलेले, घडी थेट तिच्या पद्धतीची. तिची ही पद्धत काका दर महिन्याला बघत आले होते. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती डावीकडे धावली. कात्रीवालीच्या पायाशी हिरव्या लोकरीचे तुकडे पडले होते. त्यातली बाहीची एक कड तिने उचलून पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी ती काकांकडे गेली. कपाट उघडंच होतं, आत नुसते हँगर.

"फोन केला, तर म्हणाले, आता घरी कोणी येत नाही, पेटीत टाका," काका म्हणाले. "मग सगळंच नेलं. प्रत्येकाचं थोडं थोडं सांगत टाकत होतो. मागे एक बाई उभ्या होत्या. म्हणाल्या, आजोबा, जरा आटपा, आम्हालाही टाकायचंय. बरोबरच होतं त्यांचं."

ताई म्हणाली, "हिरव्याचं सांगायचं राहिलं तुमचं."

काका कपाटाकडे बघत राहिले. "आठवत नाही हो. हातात असला की आठवायचं." मग त्यांनी विचारलं, "कोणाला मिळाला तो?"

"कॉलेजातल्या एका मुलीला," ताई म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं, इतकं ते सहज निघालं. "शोभला तिला. बाह्या तेवढ्या लांब झाल्या. दुमडून घेतल्या तिने."

काकांनी मान वर केली. "एकदा का दोनदा?"

"दोनदा."

"हीपण दोनदाच दुमडायची." त्यांनी आपल्याच शर्टाची बाही चाचपली. "माझं माप चुकलं होतं. मीच आणला होता ना, तिला न विचारता. चष्मेवाल्याला डोळ्यांपलीकडचं माप कळत नाही, म्हणायची. बसा ताई. त्या दिवशी काय झालं होतं, सांगतो."

ते चहा टाकायला आत गेले. ताईने पर्समधली कड आणखी खाली दडपली, चेन लावली आणि ऐकायला बसली.