पिठावरची पावलं

अंजनाबाईंनी कढईत बोट घातलं, चाटलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"भाऊजी, हे पिठलं तर प्रेमलताच्या हातचं हाय!"

शेजारीण म्हणून त्या हक्कानं आत शिरल्या होत्या. घरमालक मारोतराव स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या दारात पाहुण्यासारखे उभे. एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. बत्तीस वर्षं नागपूर-भिवापूर गाडी त्यांनी अशी हाकली, की पुढच्या सीटवरच्या माणसाच्या कपातला चहा उमरेडपर्यंत गार व्हायचा, पण सांडायचा नाही. मात्र गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवतात, हे बायको जाईपर्यंत त्यांना ठाऊक नव्हतं.

प्रेमलताबाईंना जाऊन चार महिने झाले होते. आणि पंधरवड्यातली ही चौथी खेप. सकाळी उठावं तर ओट्यावर कढई, खाली समोरासमोर दोन ताटं. एक पुसून खाल्लेलं, एक वाढलं तसंच.

बातमी गल्लीत राहीना. पिठल्याचा वास सक्करदऱ्यापर्यंत गेला, असं शपथेवर सांगणारे निघाले. एकाला खिडकीत हिरव्या लुगड्याचा पदर दिसला. प्रेमलताबाईंनी जन्मात हिरवं नेसलं नव्हतं. पण मेल्यावर माणसाची आवड बदलत असेल, असं त्याचं म्हणणं.

मारोतरावांना भीती वाटत नव्हती. ते बेसनाचा डबा गच्च भरून ठेवत, कांदे निवडून आणत. नऊ वाजले की डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी घेत आणि नव्या नवरदेवासारखे अधीर होऊन आडवे पडत.

"दहाव्याले पीठ पसरलं तवा एक बी पाऊल नाई उमटलं," अंजनाबाई म्हणाल्या. "आता पुन्हा पाहू. तिच्या जिवाले काही पाहिजे असन, तर पावलावरून समजन."

संध्याकाळी त्यांनी पलंगापासून ओट्यापर्यंत ज्वारीचं पीठ पसरलं आणि हात जोडून गेल्या.

सकाळी पावलं उमटलेली होती.

मारोतराव वाकून पाहत राहिले. डावं पाऊल चार बोटांचं होतं. जॅक सटकून त्यांच्या पायाची करंगळी गेली, त्याला वीस वर्षं झाली होती. पावलं पलंगापासून निघून ओट्याशी गेली होती आणि ताटाशी थांबली होती. तिथलं पीठ गोल पुसलं होतं. मांडी घालून कोणीतरी फार वेळ बसलं होतं. समोरच्या ताटापलीकडचं पीठ मात्र जसंच्या तसं. गॅस अजून मंद जळत होता. कढई काळीठिक्कर.

त्यांनी बटण बंद केलं आणि तोंडही न धुता, गोळ्यांचं पाकीट घेऊन कोपऱ्यावरच्या धम्मानंदचं मेडिकल गाठलं.

"काका, किती दिवस घेऊन राहिले ही गोळी?"

"तीन महिने."

"बाप्पा! डॉक्टरनं दोन हप्त्याची सांगितली होती ना?" धम्मानंदनं स्टूल पुढे सरकवलं. "डोक्यात एक रसायन रायते, ब्रेकवानी. गोळी त्या ब्रेकवर पाय देते, म्हणून झोप लागते. पण कवाकवा डोकं झोपते अन् हातपाय जागे रायतात. माणूस उठते, रांधते, जेवते, बोलते. सकाळी काहीच आठवत नाही."

"बोलते बी?"

"हो ना."

"मंग मी तिच्यासंग बोललो असन?"

"असन."

"काय बोललो गा?"

"ते डोक्यात उमटतच नाही, काका."

मारोतराव स्टुलावर टेकले. तिची भेट झाली होती, चार-पाचदा, पोटभर. आणि त्यातला एक शब्दही त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

"गोळी सोडली तर?"

"काही दिवस झोप येणार नाही. जीव घाबरन, अंग थरथरन. म्हणून डॉक्टरच्या सल्ल्यानंच सोडायची."

"ते नाही विचारून राहिलो."

धम्मानंदनं उगाचच एक खोकं सरळ केलं.

"गॅस चालू होता," मारोतराव म्हणाले. "भिंतीपल्याड अंजनाबाईची नातवंडं झोपतात."

त्याच दिवशी डॉक्टरांनी ती गोळी बंद केली आणि तिच्या जागी दुसरी, महिनाभरात हळूहळू कमी करत सोडायची गोळी लिहून दिली. मारोतराव घरी आले तर अंजनाबाई दारातच.

"कोणाचे पाय, भाऊजी?"

"माहेच."

अंजनाबाईंनी झाडू आणला, पण मारोतरावांनी तो त्यांच्या हातून घेतला.

आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नाही. आठव्या दुपारी मारोतरावांनी खानावळीतून आलेला पोळीभाजीचा डबा उघडला आणि समोर तिची जागा ठेवून ते खाली बसले. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती; जेवताना ते कधी बोलले नव्हते. घास गिळायचा आणि ड्युटी गाठायची. ती काहीबाही सांगत राहायची, पिठल्यात काय काय पडतं तेसुद्धा.

फरशीवर ऊन पडलं होतं. त्यांनी घसा खाकरला. उजेडात, पूर्ण शुद्धीवर, सुरुवात कुठून करावी तेच कळेना.

"आज ऊन लय हाय वं," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य शोधत बसले.