सोपी फेरी आणि पाखाडी

आमच्या वाकणपेठेत काही काम नसताना चालणं हा संशयाचा विषय आहे. माणूस अंगणाचं बेडं उघडून रस्त्याला लागला की पहिल्याच दगडी गडग्यावरून विचारणा होते, "कुठं चाललाव?" उत्तर द्यावंच लागतं, आणि 'असाच' हे उत्तर चालत नाही. असाच चाललेला माणूस एक तर बायकोशी भांडलेला असतो, नाही तर कोणाची जमीन बघायला निघालेला.

आणि मी मात्र लोकांना असंच चालवण्याचा धंदा काढलाय. पालीहून आत वळलात की आमच्या फाट्यावर पाटी दिसेल: 'वाकणपेठ. सोपी पायी फेरी. गुडघ्यांना त्रास नाही.' पाटी मीच रंगवली, म्हणून शेवटची अक्षरं जरा दाटीवाटीनं बसलीत. रत्नागिरीत आलेली, भाट्याची वाळू तुडवून झालेली, परतीच्या गाडीला अजून अवकाश असलेली माणसं येतात. जुन्या धक्क्यापासून सुरुवात. तिथल्या भिंतीत अजून होड्या बांधायची लोखंडी कडी आहे. मी ती दाखवते, पाव्हणे वळून नदी शोधतात आणि त्यांना केळीची बाग दिसते. वर धरण झाल्यापासून नदी बारीक होऊन पलीकडच्या काठाला जाऊन बसलीय. मग बाजाराची गल्ली, जुगाईचं देऊळ, आणि शेवटी पाटाच्या कडेकडेनं हळूहळू चढत जाणाऱ्या रस्त्यानं धरणाची भिंत. तिथं वारा असतो, पाणी असतं, फोटो निघतात. इतिहास मी कुठं शिकले नाही. सासूबाई, देवळातला गुरव आणि पिठाच्या गिरणीत नंबर लावून बसलेली माणसं एकमेकांना जे खोटं पाडायची, त्यातून जे उरलं ते सांगते.

थंडी पडायला लागली तेव्हा शेजारच्या सावित्रीवहिनी मागच्या दारानं आल्या. मागच्या दारानं येणं म्हणजे गोष्ट नवऱ्याची.

त्यांचे यजमान गंगारामदादा बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. जगातली सगळी बंदरं बघितलेला माणूस, पण दर शिमग्याला रजा काढून घरी. निवृत्त झाले आणि गणपती उरकल्यावर डाव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, बोलणं परत आलं. डावा हात मात्र पाहुण्यासारखा बाजूला बसून राहिला, आणि पाय टाकताना ओढायला लागला. डॉक्टर म्हणाले, चाला, रोज चाला. दादा पडवीच्या बाहेर पडायला तयार नव्हते.

"का म्हणून नाय?" मी विचारलं.

"बाहेर पडलं की सगळी विचारणार, कुठं चाललाव," सावित्रीवहिनी म्हणाल्या. "हे म्हणतात, मी काय सांगू? चालायला शिकायला चाललोय म्हणून सांगू?"

"मग घरापुढच्या खळ्यात चालू देत."

"खळ्यात चालून शिमगा होतो काय गो?"

आता शिमग्याचं सांगायला हवं. आमची जुगाई आणि तळवाडीची पावणाई ह्या बहिणी. शिमग्यात दोघींच्या पालख्या भेटतात. पूर्वी भेट नदीकाठच्या उंबराखाली व्हायची. धरणात तळवाडीही गेली आणि उंबरही. वाडी वर डोंगरमाथ्याच्या सड्यावर जाऊन वसली, म्हणून आता बहिणी धरणाच्या भिंतीवर भेटतात. भेटीचा नारळ न्यायचा मान गंगारामदादांच्या घराचा. घरातल्या कर्त्या माणसानं सहाणेपासून, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यापासून, धरणापर्यंत पालखीबरोबर अनवाणी चालत जायचं. गाडी नाही, कोणी उचलून नेणं नाही. बाप असताना मुलानं नारळ धरायचा नाही, त्यामुळं मुंबईच्या मुलाचा, विनीतचा, उपयोग नव्हता. आणि एका वर्षी जरी जमलं नाही, तर मान भाऊबंदांत पुढच्या घरी जातो. गेलेला परत येत नाही.

पुढचं घर म्हणजे चुलतभाऊ भागोजी, गिरणीवाला.

"तुझ्या पाव्हण्यांत एक जास्ती झाला तर?" सावित्रीवहिनी म्हणाल्या. "पाव्हण्यांना कोण विचारत नाय ना, कुठं चाललाव म्हणून."

असा तो बेत. पुढच्या रविवारी पुण्याच्या एका कुटुंबामागं दादा उभे. विनीतची टोपी, विनीतचा काळा चष्मा, पायात पांढरे बूट, गळ्यात कॅमेऱ्याची रिकामी पिशवी. ज्या गल्लीत शिव्या देत वाढले, त्या गल्लीत हा माणूस अनोळखी म्हणून निघाला होता. पाय ओढण्यावरून तर लांबूनसुद्धा कळत होतं. मी मनात म्हटलं, जुगाई, आता तूच बघ.

पहिलं दुकान चिमाचं. चिमा लहानपणापासून दादांना राखी बांधते. तिनं टोपीकडं बघितलं, पायाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग फळीपुढचं बाकडं पुसलं आणि म्हणाली, "आओ साब, बैठो. कोकम शरबत पिएगा?"

दादांनी चष्मा नीट केला. "हां. शक्कर कम."

"शक्कर कम," चिमानं घोकलं आणि घरच्या माणसाला देतात तो मोठा पेला भरला.

देवळात बाबू गुरव. ज्याच्या लग्नात दादांनी बोटीवरचा रेडिओ आणून वाजवला होता तोच. तो म्हणाला, "साब, जूता बाहर. और इधर पायरी है, संभालके." दादा म्हणाले, "थँक्यू." बाबूनं तीर्थ दिलं आणि देवीची माहिती हिंदीत सांगायला घेतली. दादांना ती अर्थात पाठ होती. बाबू एका ठिकाणी चुकला, तेव्हा त्यांच्या जबड्याची नुसती हालचाल झाली. पण पाव्हण्याला दुरुस्त करायचा अधिकार नसतो.

कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. नंतर मी चिमाला विचारलं, तर ती मलाच म्हणाली, "पाव्हणा होता ना तुझा? मग पाव्हण्यासारखंच बोलणार. मी काय येडी हाय?"

थंडीभर हे चाललं. पाव्हणे नसले की मी सावित्रीवहिनींनाच पाव्हण्या करून घेऊन जायची. त्याही मग चिमाशी हिंदी बोलायच्या, आणि त्यांचं हिंदी ऐकून चिमाला दुकानाच्या आत जाऊन हसून यावं लागायचं. आंब्यांना मोहोर आला तोवर दादा बाजार संपेपर्यंत न थांबता यायला लागले. एकदा तर मी धक्क्यावर कडी दाखवत होते तेव्हा मागून आवाज आला, "मॅडम, ये बाई गलत बोलती है." आणि त्यांनी पाव्हण्यांना होडी कशी बांधायची ते उजव्या एका हातानं करून दाखवलं. कोणी दोरी दिली नव्हती, तरी गाठ दिसली.

मग एका सकाळी पाटाच्या रस्त्यानं आम्ही थेट भिंतीवर पोचलो. दादा कठड्याला टेकून उभे राहिले. उंबर कुठं होता ते त्यांनी मला बोटानं दाखवलं. तिथं एक पाणकावळा बुडी मारत होता.

"हे पाणी भरलं तेव्हा मी बोटीवर होतो," ते म्हणाले. "इतकी वर्षं पाण्यावर काढली. पण हे पाणी आपलं वाटत नाय."

येताना ते शीळ घालत होते. मीही मनातल्या मनात पालखीला फुलं घालून मोकळी झाले.

भेटीच्या दोन दिवस आधी मी दळण घेऊन भागोजीच्या गिरणीत गेले. भागोजी नेहमीसारखा भुवयांवर पीठ घेऊन बसला होता. पट्टा थांबवला आणि म्हणाला, "वयनी, तुमची फेरी पाटाच्या रस्त्यानं जाते."

"मग?"

"पालखी पाखाडीनं जाते."

मी पिठाच्या डब्यावर हात ठेवून उभी राहिले. पाखाडी म्हणजे आमची जांभ्याच्या पायऱ्यांची वाट. देवळामागून ती सरळ डोंगराच्या अंगावरून चढते आणि धरणाच्या टोकाला निघते. धरणाच्या कितीतरी आधीची. पायऱ्या वाकड्या, झिजलेल्या, कुठं गुडघाभर उंच, आणि धरायला काही नाही. पाटाचा रस्ता धरणाच्या ट्रकांसाठी झाला, तो देवीच्या हिशेबात नाही. लग्न होऊन आल्यापासून दर शिमग्याला मी पालखीमागून त्याच पाखाडीनं चढत आलेय. पण फेरी सोपी करायची म्हणून तीच वाट मी काढून टाकली होती, आणि स्वतःच्याच पाटीवर इतका विश्वास बसला होता की देवीसुद्धा सोप्या फेरीनं जाते असं धरून चालले.

"तुम्हाला बरंच झालं म्हणायचं," मी बोलून गेले.

भागोजीला राग आला नाही. तो पट्ट्याकडं बघत म्हणाला, "वर्षभर देवळात दिवा लावायचा मी. पालखीचे गोंडे बदलायचे मी. आणि नारळ न्यायला हा बोटीवरनं यायचा, अत्तर लावून. मला बरं वाटायला पायजे. पण चिमाकडं बसून तो हिंदी बोलतो ते ऐकलं, तेव्हापासून काय बरं वाटत नाय."

त्याच संध्याकाळी दादांच्या पडवीवर बैठक झाली, भागोजीही आला. मी माझी चूक सांगितली. सावित्रीवहिनींनी चुलीवरचं आधण उतरवून ठेवलं. बाबू गुरव म्हणाला, "देवीला कौल लावून विचारू. तिनं उजवं देऊन होकार दिला तर पाटाच्या रस्त्यानं नेऊ."

"नको," दादा म्हणाले. "माझ्या पायासाठी आई वाट बदलणार नाय. पाखाडी चढायची हे मला ठाऊक होतं, आधी सोप्या रस्त्यावर पाय वळतो काय तेवढंच बघत होतो. मी पाखाडीनं येतो. नाय जमलं तर भागोजी हायच बरोबर. नारळ त्याच्या हातात देईन. आणि तोंड वाकडं करणार नाय."

हे बोलताना त्यांनी भागोजीकडं बघितलं नाही. भागोजीनंही त्यांच्याकडं बघितलं नाही. आमच्याकडं महत्त्वाची बोलणी अशीच होतात, दोघांनीही खुंटीकडं बघून.

भेटीच्या दिवशी दुपार कलल्यावर पालखी सहाणेवरून उठली. बाबूनं देवीला गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हटलं. दादा धोतर नेसून, अनवाणी. टोपी नाही, चष्मा नाही. डाव्या हातात नारळ राहणार नाही, म्हणून सावित्रीवहिनींनी तो उपरण्यात घालून त्यांच्या छातीशी बांधला, लहान मूल बांधावं तसा. विनीत मुंबईहून आला होता. त्याला पुढं होऊ नको असं आईनं डोळ्यांनीच सांगितलं.

पालख्या आमच्याकडं चालत नाहीत, नाचतात. ढोल वाजला की खांदेकऱ्यांच्या अंगात येतं आणि पाखाडीवरून तर ते धावतच सुटतात. पहिल्या काही पायऱ्या दादा उजवा पाय वर, डावा ओढून, असे चढले. मग उंच पायरी आली. डावा पाय वर येईना. दादा थांबले. श्वास मोठा झाला होता, आणि त्यांचा हात उपरण्याच्या गाठीकडं गेला.

पालखीच्या पुढच्या दांड्याखाली भागोजी होता. तो थांबला, म्हणून पालखी थांबली, म्हणून ढोलही चुकल्यासारखा थांबला. मागून कोणी तरी ओरडलं, काय झालं म्हणून. भागोजीनं मान वळवली.

"गाठ कशाला सोडतोस?" तो म्हणाला. "दांड्याला हात लाव."

"हात लावला तर माझा भार पडेल."

"पडू दे. बोटीवर शिडी चढताना काय धरायचास, हवा?"

कोणाच्या खांद्यावर जायचं नाही, गाडीत बसायचं नाही, हे सगळं ठरलेलं होतं. पण पालखीला हात लावायचा नाही असं कोणी कधी म्हटलं नव्हतं; उलट त्यासाठी तर लोक ढकलाढकली करतात. दादांनी उजवा हात दांड्यावर ठेवला, घट्ट. भागोजीनं खांदा जरा खाली घेतला. ते एक पायरी चढले. पालखी एक पायरी चढली.

ढोलवाल्यांना काय वाजवावं ते कळेना. एवढ्या सावकाश चालीचा ताल त्यांच्याकडं नव्हता. मग एकानं पायऱ्यांवर नजर ठेवून वाजवायला सुरुवात केली. पाय पडला की एक थाप, पुढचा पाय पडेपर्यंत गप्प. बायका मागून चढत होत्या, कोणी घाई करत नव्हतं. चिमा माझ्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, "तुझी फेरी हीच खरी सोपी. अशी दमादमानं."

वर पोचलो तेव्हा उन्हं पाण्यावर तिरपी आली होती आणि पावणाईची पालखी भिंतीवर वाट बघत उभी होती. तळवाडीच्या लोकांनी उशीर का झाला ते विचारलं नाही, बघूनच समजले. दादांनी दांडा सोडला. उरलेली भिंत सपाट होती, ती ते एकटे चालले, पाय ओढत, नारळ छातीशी. तळवाडीच्या मानकऱ्यानं गाठ सोडवली, नारळ घेतला, दोन्ही पालख्या एकमेकींना टेकल्या. त्यानंतर जे ढोल वाजले त्यांनी मघाची सगळी कसर भरून काढली.

परत येताना पालखी पाखाडीनंच उतरली. दादा मात्र माझ्याबरोबर पाटाच्या रस्त्यानं आले. येतानाचा नियम नाही. मागं सावित्रीवहिनी आणि विनीत, आणि का कोण जाणे, पालखीचा दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन भागोजीही. दोघं भाऊ पुढं-मागं चालत होते. एकदाच दादा म्हणाले, "पुढल्या वर्षी गोंडे बदलायचे तेव्हा मला हाक मार."

"एका हातानं गोंडा बांधणार?"

"गाठी मला शिकवू नको."

बाजारात चिमा आमच्याआधी पोचून दुकान उघडून बसली होती. दादा समोर आले. तिनं बाकडं पुसलं नाही. फळीवर कोपर टेकवले आणि पेठेत पावसापासून कोणी त्यांना जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"काय वो दादा, कुठं गेलावतात?"

दादा डावा पाय हातानं नीट उचलून बाकड्यावर बसले.

"बस, सांगतो," ते म्हणाले. "आणि त्या शरबतात साखर घाल जरा. सगळी थंडी आंबट पाजलंस."