वाण परत द्यायचं असतं

मित्रांनो, मी एक जुनं चाडं आहे. ओळखलं नाहीत ना? वाटलंच. पेरणीच्या तिफणीवर लाकडी वाडगा बसवतात, बुडाला तीन भोकं असलेला, तो मी. मागून चालणारी बाई माझ्यात मुठीनं दाणे सोडते आणि ते नळ्यांतून जमिनीत उतरतात. भोकं म्हणजे माझा जीव.

बेला गावाच्या खाली पैनगंगेत एक बेट आहे. तिथल्या चंपत सुतारानं मला सागातून कोरलं आणि द्वारकाबाईच्या हाती दिलं. बेटाच्या गाळात एकच ज्वारी ताठ उभी राहते, पिवळी. दुसरी वाऱ्यानं लोळते. एकाचं घर पुरात बुडालं तरी वाण, म्हणजे पेरणीचं बी, बुडू नये, म्हणून बेटावरची रीत अशी, की वाण दोन घरी ठेवायचं. ज्याच्याकडे ठेवलं, त्यानं पेरणीआधी आपणहून परत आणायचं.

एका पावसाळ्यात आंध्र सरकारच्या लाल बसमधून काही चित्रकार उतरले आणि डोंग्यात बसून बेटावर आले. रानभाज्या आणि शाश्वत शेती शिकायला म्हणे!

"शाश्वत म्हंजे काय वो?" द्वारकाबाईच्या नवऱ्यानं, देवाजीनं विचारलं.

"जी टिकते ती," त्यांच्यातली एक बाई म्हणाली.

"मंग आमी काय पाहुणे आहो इथं?"

ती बाई मात्र मनापासून शिकली, खोटं कशाला बोलू? कोवळा तरोटा खुडायला, केना ओळखायला, चुलीजवळ बसून भाकर थापायला. द्वारकाबाईनं तिला घरचीच मानली. निघताना मला ज्वारीनं भरून तिच्या हाती दिलं. "हे आमचं वाण, बाई. तुमच्या घरी राहू द्या."

घात झाला तो इथं. शहरच्या बाईला वाण म्हणजे संक्रांतीचं वाण! ते कोणी परत करतं का?

आदिलाबादेत चित्रांचं प्रदर्शन भरलं. बाईनं माझी भोकं लांबीचा लगदा भरून बुजवली, अंगभर ज्वारी चिकटवली, वर रोगण फासलं, मोर काढला आणि मला भिंतीवर ठोकलं. खाली पाटी: 'हात लावू नये'. अरे, हातांसाठीच तर जन्मलो मी! लोक "किती सुंदर!" म्हणत पुढं जात. एवढं कौतुक जन्मात झालं नव्हतं, आणि एवढा संतापही कधी आला नव्हता.

भाद्रपदात पूर आला. द्वारकाबाईचीच नव्हे, बेटावरची एकूण एक कणगी बुडाली, ज्वारी सडली. पाणी ओसरताच द्वारकाबाई आदिलाबाद गाठून, बाईचा पत्ता विचारत थेट प्रदर्शनात आली.

"बाई, वाण न्यायले आली."

बाईनं हसत भिंतीकडे बोट दाखवलं. द्वारकाबाईनं माझ्या बुजलेल्या भोकांवरून बोट फिरवलं.

"काऊन वो, हे काय केलं?"

"अहो, पण वाण परत मागतात का?"

"मंग काय गिळाले देते? आमच्या घरचं पुरात गेलं. दसऱ्यानंतर काय पेरू मी? मोर?"

बाईचा चेहरा उतरला. तिनं स्वतःच खिळा उपटून मला खाली घेतलं. द्वारकाबाईनं केसांतला आकडा काढला आणि माझी भोकं कोरायला घेतली. रोगण लागलेले दाणे मेले होते. पण लांबीच्या आड, भोकांत अडकलेले, कोरडे राहिले होते. जेमतेम चिमूटभर.

"पेरायला मी येते," बाई खालच्या आवाजात म्हणाली.

"या. पन ब्रश घरी ठेवून या."

त्या साली बेटाचं शिवार पडीकच राहिलं. चिमूट दारापुढं पेरली. तिची ओंजळ झाली, ओंजळीचं सूप झालं, मग कुठं मी पुन्हा तिफणीवर चढलो. आता वाणाचं दुसरं घर त्या बाईचंच आहे. दसरा जवळ आला, की ती लाल बसमधून पिशवी सांभाळत उतरते.

मोराचं अर्धं शेपूट अजून माझ्या अंगावर आहे. देवाजी म्हणतो, "पाखरं भितात, राहू द्या."

मित्रांनो, जुन्या वस्तूंचं कौतुक करा, पण त्यांची भोकं बुजवू नका. कोणाकडून वाण आणलंत, तर परत नेऊन द्या. आणि मला खुशाल हात लावा. फक्त मुठीत दाणे असू द्या.