पातळ चहा

जॅनीन थोर्लीचा स्वभाव पहिल्यापासून संशयी. मासेवाल्यानं हॅडॉक कागदात गुंडाळताना जरा पाठ वळवली, तरी हिला वाटायचं, बदललाच मेल्यानं. आणि गेली दोन वर्षं तर या स्वभावाला खतपाणी घालणारे लोकच तिच्याभोवती होते.

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदराच्या इस्पितळात, म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात, तिनं सोळा वर्षं मदतनीस म्हणून काढली. अंथरुणं बदला, अंगं पुसा, भरवा, बेडपॅन द्या. चाळिशीला टेकली तेव्हा तिनं नर्सिंग असोसिएट व्हायचं मनावर घेतलं. दोन वर्षांची फाउंडेशन डिग्री. आठवड्यातून एक दिवस कॉलेज आणि बाकीचे दिवस वॉर्डात काम करता करता शिकायचं. पास झालं की जागा मदतनिसाच्या वर आणि नर्सच्या खाली. म्हणजे धड इकडची नाही न् तिकडची नाही! मदतनीस बायका म्हणायच्या, "बाजूला व्हा गं, मॅडम आल्या. आता बेडपॅनला हात लावतील का, विचारा." नर्सा आपसांत कुजबुजायच्या, "कमी पगारात आमचं काम करायला आणलीय हिला. उद्या आम्हालाच घरी बसवतील."

पहिल्या वर्षी दुसऱ्या एका वॉर्डात कुणीतरी पलंगाचा कठडा खाली सोडला. म्हातारी पडली. सगळ्यांची बोटं वळली ती जॅनीनकडं, कारण ती शिकाऊ. चौकशीत ती सुटली खरी, पण तो धसका तिच्या मनातून गेला नाही.

आता शेवटचे काही आठवडे ती आपल्या जुन्या वॉर्डात परत आली होती. वॉर्डप्रमुख सिस्टर रोवेनांनी शेवटची सही केली की डिग्री पदरात. रोवेना मूळच्या फिलिपिन्सच्या. बाई बुटक्या, आवाज मऊ, पण नजर अशी की तिच्यातून काही सुटायचं नाही.

आणि नेमकं तेव्हाच ते चहाचं प्रकरण उपटलं.

खिडकीपाशी क्लिफ होता. सारा जन्म मासेमारीच्या बोटींवर घालवलेला म्हातारा. अर्धांगाच्या झटक्यानं त्याचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं आणि गिळणं बिघडलं होतं. पातळ काही प्यायला तर ते थेट फुप्फुसात जायचं. म्हणून त्याच्या उशाशी मोठ्या अक्षरांत पाटी होती, आणि त्याच्या पाण्यात, चहात, सगळ्यात पावडर घालून ते खळीसारखं घट्ट करून द्यायचं. क्लिफ तो दोन कानांचा मग पाहिला की तोंड फिरवायचा. का नाही फिरवणार? चहा चमच्यानं खायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

एका सकाळी जॅनीन त्याला न्याहारी भरवून दुसऱ्या पलंगाकडं गेली. परत येते तो काय, क्लिफ खोकतोय, डोळ्यांत पाणी, आणि त्याच्या कपाटावर साधा कप. कपाच्या तळाशी दुधाचा, पातळ, नेहमीचा चहा.

तिच्या मनात पहिलं आलं, इथं शेवटी कोण होतं? मी. बोट कुणाकडं वळणार? माझ्याकडं. तिनं इकडंतिकडं पाहिलं, कप उचलला, बेसिनपाशी नेला आणि धुऊन टाकला. क्लिफ खोकतोय हे तिनं नर्सला जाऊन सांगितलं. कपाचं मात्र सांगितलं नाही.

वळून पाहते तर दारात चादरींचा गठ्ठा घेऊन बेव्ह उभी.

"काय धुतेस गं?"

"काही नाही. कप."

बेव्हनं कपाकडं पाहिलं, क्लिफकडं पाहिलं, आणि एक चकार शब्द न काढता निघून गेली.

बेव्ह म्हणजे जॅनीनची सोळा वर्षांची मैत्रीण. दोघी एकाच महिन्यात लागलेल्या. डिग्रीला बसायचं तर आधी गणिताची शाळेतली परीक्षा पास व्हावी लागते. त्या परीक्षेचा अभ्यास करताना जॅनीन स्वयंपाकघरात बसून रडायची, आणि तिच्या पोरांना जेवू घालायची ती बेव्हच. बेव्ह स्वतः कधी अर्ज करायला गेली नाही. "मला आकडे दिसले की झोप येते बाई," म्हणायची.

पण त्या दिवसापासून जॅनीनच्या मनात पाल चुकचुकायला लागली. बेव्ह गप्प का राहिली? एरवी जिभेला हाड नसलेली बाई! क्लिफची सगळ्यात जास्त कणव कुणाला? बेव्हला. परवाच म्हणाली नव्हती का, "बिचाऱ्याला एक घोट खरा चहा दिला तर काय आभाळ कोसळणार आहे?" आणि मी शिकायला लागल्यापासून हिचं हसणं कमी झालंय ते वेगळंच. आपण मागं राहिलो, ही पुढं गेली, हे सलत असेल. सलणारच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. स्वतः कप धुतला होता, म्हणून हिला प्रत्येक जण काहीतरी धुताना दिसायला लागला.

आठवड्याच्या आत क्लिफला ताप भरला. छातीचा फोटो काढला. न्यूमोनिया. नाकाला ऑक्सिजनची नळी लागली.

सिस्टर रोवेनांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. "त्यांना कुणीतरी पातळ चहा देतंय," त्या म्हणाल्या. "दयेपोटी देत असाल, तरी ही दया त्यांचा जीव घेईल. कुणाला काही माहीत आहे?"

सगळ्यांनी एकदा जॅनीनकडं पाहिलं, निदान जॅनीनला तरी तसं वाटलं. बेव्ह आपल्या बुटांकडं पाहत होती.

दुसऱ्याच दिवशी क्लिफच्या पलंगाचा पडदा सरकला आणि बेव्ह बाहेर आली. हातावर टॉवेल. टॉवेलखालून कपाचा कान डोकावत होता. ती भराभरा बेसिनकडं गेली आणि पाणी सोडलं.

जॅनीननं ते पाहिलं. म्हणजे खरंच! तिला राग आला, रडू आलं, आणि खोटं कशाला बोला, जरासं हायसंही वाटलं.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी सिस्टरांनी तिला सहीच्या बोलण्यासाठी आत बोलावलं. बोलता बोलता विचारलं, "जॅनीन, उद्या तुझ्या नावापुढं नोंदणी लागेल. मग डोळ्यांना दिसलेलं पोटात ठेवता येणार नाही. तू काही पाहिलंयस?"

"बेव्ह," ती म्हणाली. "काल. टॉवेलखाली कप होता. धुतला तिनं."

धुतलेल्या पहिल्या कपाचं तेव्हाही तिच्या ओठांवर आलं नाही.

बेव्हला चौकशी होईतो वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात पाठवलं. जाताना ती जॅनीनच्या अंगावरून गेली. शिवी देईल, रडेल, काहीतरी म्हणेल असं जॅनीनला वाटलं. बेव्हनं मान वर केली नाही. जॅनीन मनात म्हणाली, बघा, तोंड आहे का बोलायला!

आता सगळं सुरळीत होईल म्हणून ती दुसऱ्या सकाळी जरा मोकळ्या मनानं कामाला आली. चहाची गाडी नुकतीच वॉर्डातून फिरून गेली होती. क्लिफचा पडदा अर्धा ओढलेला. आतून आवाज आला, "पी रे, पी लवकर. ती भवानी यायच्या आत."

जॅनीननं पडदा ओढला.

शेजारच्या पलंगावरचा रेज! खुब्याचं हाड मोडलेला, हाताला धरल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नाही अशी ज्याच्याबद्दल सगळ्या वॉर्डाची समजूत, तो रेज एका हातानं चालायच्या फ्रेमला धरून उभा होता आणि दुसऱ्या हातानं आपला कप क्लिफच्या ओठांना लावत होता. ऑक्सिजनची नळी नाकात असलेला क्लिफ अर्ध्या तोंडानं हसत होता.

"रेज! अहो, मारताय की काय त्यांना?" तिनं कप हिसकावून घेतला.

"मी मारतोय? मी?" रेज म्हणाला. "तुम्ही त्याला खळ चारताय दिवसभर! याच गोदीवर आम्ही दोघं घाम गाळलाय. त्याच्यासमोर बसून मी एकटा चहा ढोसू? अगं, माणूस आहे का कोण आहे मी?"

"न्यूमोनिया झालाय त्यांना याच चहानं."

रेज धपकन पलंगाच्या कडेवर बसला. "मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, थंडी बाधली."

सिस्टरांनी वर फोन लावला. बेव्हची बिनशर्त सुटका. दुपारी ती कपाटातलं सामान न्यायला खाली आली, तेव्हा जॅनीन कपडे बदलायच्या खोलीत तिची वाटच पाहत उभी होती.

"बेव्ह, अगं, चुकलं माझं. पण मी डोळ्यांनी पाहिलं गं. कप होता तुझ्या हातात. का धुतलास? आणि सिस्टरांनी विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

बेव्ह पिशवीत चपला कोंबत होती. "काय बोलू? माझी मैत्रीण चहा देते आणि कप धुते, हे सांगू?"

"मी?"

"मग कोण? पहिल्या दिवशी तुलाच धुताना पाहिलं ना मी. घाबरलीस तू, तोंड पांढरं पडलं होतं. म्हटलं, चुकून दिला असेल हिनं. सहीला चार दिवस राहिलेत, पोरं आहेत हिला. परवा परत कप दिसला, म्हटलं, कुणी बघायच्या आत उचलावा. हिची दोन वर्षं पाण्यात नकोत जायला."

जॅनीन बाकावर बसली. "तुला वाटलं मी दिला. आणि तरी..."

"हो, तरी. मूर्खच आहे मी. म्हाताऱ्याच्या जिवाशी खेळ झाला, ते माझंही चुकलंच. ते मी सिस्टरांना आत्ताच सांगून आले." बेव्हनं पिशवीची चेन ओढली. "तुझ्या कपाचं नाही सांगितलं. ते तुझं तू बघ."

सिस्टर रोवेना कागद पुढं घेऊनच बसल्या होत्या. "ये. नाव बेव्हचं निघालं आणि चूक भलत्याचीच, तरी तू बोललीस हे महत्त्वाचं. मैत्रिणीविरुद्ध बोलायला धैर्य लागतं. तेच लिहिणार आहे मी." त्यांनी पेन उघडलं.

"नका लिहू," जॅनीन म्हणाली. "पहिला कप मला सापडला होता, सिस्टर. ताप यायच्या आधी. माझ्यावर येईल म्हणून मी धुऊन टाकला."

रोवेनांनी कागद बाजूला सारला. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. "त्या दिवशी सांगितलं असतंस," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तर आपण रेजला त्याच दिवशी धरलं असतं. क्लिफना ही नळी लागली नसती."

"माहीत आहे."

"सही आज होणार नाही. कॉलेजला कळवावं लागेल. पुढचं ते ठरवतील."

"हो, सिस्टर."

ती बाहेर आली. बेव्ह लिफ्टपाशी उभी होती, पिशवी खांद्याला. जॅनीनच्या चेहऱ्यावरून तिनं सगळं ओळखलं.

"सांगितलंस?"

"सांगितलं. सही राहिली. कदाचित डिग्रीही जाईल."

"नाही जायची. पोरगी मेहनती आहेस," बेव्ह म्हणाली, आणि तिनं जॅनीनच्या दंडावर हात ठेवला. जॅनीनला रडू फुटलं.

"सोमवारी येशील ना परत? सिस्टर म्हणाल्या, तुझी जागा तशीच ठेवलीय," जॅनीन म्हणाली.

लिफ्ट आली. बेव्हनं हात काढून घेतला आणि आत गेली.

"नाही गं. मी वरच राहायचं ठरवलंय," ती म्हणाली. "तिथं मला कुणी ओळखत नाही. त्यांनी संशय घेतला तर मला एवढं लागणार नाही."