कानसेनांचा मागचा आवाज

घरात त्यांना सगळे कानसेन म्हणत. ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती, त्यामुळे ती काढून घ्यायचा अधिकार दुसऱ्या कोणाला नव्हता.

कानसेनांच्या होम थिएटरचा रिसीव्हर बारा किलोंचा. टीव्हीचा आवाज घ्यायचा आणि पाच स्पीकरांना वाटून द्यायचा, एवढंच त्याचं काम. पण ते करताना तो असा काही तापे की बायको त्याच्यावर मोजे वाळत घाली. रिमोटला चौपन्न बटणं. त्यातली तीन कानसेनांना कळत, उरलेल्या एक्कावन्नांबद्दल त्यांना नितांत आदर होता.

पाहुणा आला की ते त्याला सोफ्याच्या मधोमध बसवत, सिनेमातला पाऊस लावत आणि बोट वर करत. "ऐका! मागून येतोय ना?" सोफ्यामागच्या भिंतीवर दोन स्पीकर होते. पाहुणा मान डोलावी. चहा अजून यायचा असे.

शेवटी बायकोने नवा अॅम्प्लिफायर मागवला. वहीएवढा. फोनवरून गाणी घेणारा आणि दोनच स्पीकर चालवणारा.

"मागचा आवाज जाईल," कानसेन म्हणाले.

"आणि माझा कपाटाचा खण परत येईल," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"भाऊजी, अन्याय आहे हा," सोफ्यावरचे मेहुणे कळवळले. "त्या पावसात मी तर अंग चोरून बसतो!"

दहा वर्षांची मुलगी रिसीव्हरच्या पाठीमागे वाकून तारा सोडवत होती. तार काढण्याआधी तिला चिठ्ठी लावायची, ही शिस्त बाबांचीच.

"बाबा, मागच्या स्पीकरच्या तारा कुठून काढू?"

"जिथे लावल्यात तिथून काढ."

"लावलेल्याच नाहीत."

कानसेन वाकले. दोन्ही तारांची नीट गुंडाळी करून तिला रबरबँड लावलेला होता. टोकांवरचं प्लास्टिकसुद्धा सोललेलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी 'जेवून लावू' म्हणून ते उठले होते. जेवण मात्र झालं होतं.

'उंदरांनी कुरतडल्या' हे वाक्य त्यांच्या जिभेवर तयारच होतं. पण उंदीर रबरबँड लावत नाहीत. शिवाय मुलगी हसत नव्हती.

"मला मागचा आवाज कधीच ऐकू यायचा नाही," ती हळूच म्हणाली. "तू विचारायचास म्हणून मी हो म्हणायचे. शाळेत कान तपासायला डॉक्टर आले, तेव्हा मी बाथरूममध्ये लपले होते."

कानसेनांनी एकदा मेहुण्यांकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे. मग ते सरळ उभे राहिले.

"ऐका सगळे. मागचे स्पीकर मी कधी जोडलेच नव्हते. हिचे कान ठणठणीत आहेत. या घरात बरोबर ऐकणारी ही एकटीच."

बायको लाटणं घेऊन बाहेर आली. "अकरा वर्षं?"

"अकरा."

"आणि मी दर रविवारी स्टुलावर चढून त्यांची धूळ पुसते!"

मुलगी तोवर पॅसेजच्या पार टोकाला धावली होती. तिकडे तोंड करून ती ओरडली, "बाबा, काहीतरी म्हण. अगदी हळू!"

"चुकलो," कानसेन पुटपुटले.

"आलं ऐकू! चुकलो म्हणालास!"

बायकोने लाटणं खाली घेतलं.

"मला मात्र यायचा हं मागून आवाज," मेहुणे दुखावल्या सुरात म्हणाले.