शंभर सेंटिमीटरची फी

मी सभासद कार्ड बोलतोय. बँकेचं नव्हे, वाचनालयाचं तर नव्हेच. शहराबाहेर विमान मावेल एवढं एक पत्र्याचं दुकान आहे, घाऊक मालाचं. त्याला क्लब म्हणतात. तिथं आत शिरायचं तर आधी वर्षाची फी भरायची आणि मग मला दारातल्या माणसाला दाखवायचं. म्हणजे खर्च करायची परवानगी मिळावी म्हणून आधी खर्च करायचा. माणसं हे हसत हसत करतात आणि घरी येऊन सांगतात, आज आम्ही बचत केली. माणसांची ही गोष्ट मला फार आवडते.

माझा जन्म काउंटरवरच्या एका छोट्या यंत्रात झाला. बाहेर पडलो तेव्हा चांगला गरमागरम होतो. माझ्या तोंडावर मालकिणीचा, म्हणजे शिवणकाकूंचा फोटो आहे. फोटो काढणारी मुलगी "इकडे बघा" म्हणाली त्याच क्षणी काकू शेजारच्या साबणाच्या ढिगाची किंमत वाचत होत्या. त्यामुळे माझ्यावरचे त्यांचे डोळे कायमचे साबणाकडे लागले आहेत.

काकू घरीच शिवणकाम करतात. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात, गल्लीत त्यांना घड्याळकाका म्हणतात. घरातलं तिसरं माणूस म्हणजे वन्सं, काकांच्या थोरल्या बहीण. जन्मभर नर्स होत्या, आता निवृत्त आहेत आणि घरात कुणी शिंकलं तरी नाडी बघतात.

माझी फी काकूंनी स्वतःच्या कमाईतून भरली होती. दोन महिने पडद्यांना झालरी लावून पैसे बाजूला काढले होते. त्यामागे कारण होतं. फार पूर्वी एकदा स्वस्त मिळाली म्हणून त्यांनी पोतंभर बटणं आणली होती, सगळी जांभळी. तेव्हापासून घरात त्यांचं नाव उधळी पडलं. सगळे थट्टेनं म्हणायचे, काकूही हसायच्या, पण ते त्यांना लागायचं. आपल्यालाही संसार करता येतो, हे त्यांना एकदा दाखवून द्यायचं होतं.

काकांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "काटकसर आणि तू? वर्षाच्या आत फी वसूल झाली नाही, तर कात्री लावायची याला."

"खुशाल लावा," काकू म्हणाल्या. "कात्री माझीच आहे."

त्या रात्रीपासून मी शिवणाच्या खणात राहायला गेलो. शेजारी कोण, तर तीच कात्री. जाडजूड कापड एका दमात कापणारी बाई. मी तिच्याशी पहिल्या दिवसापासून गोड बोलत आलो.

पंच म्हणून वन्सं बसल्या. त्यांनी काकूंची जुनी मापाची टेप स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर चिकटवली आणि शून्यावर एक टाचणी टोचली. शंभर सेंटिमीटर म्हणजे पूर्ण फी. कोपऱ्यावरच्या वाण्यापेक्षा जेवढं स्वस्त पडेल, तेवढी टाचणी वर. जे वाया जाईल, तेवढी खाली. वाण्याकडे जाऊन त्या नुसतेच भाव विचारून यायच्या. तिसऱ्या खेपेला तो बिचारा म्हणाला, "आजी, घ्यायचं काही नसेल तर निदान बसून तरी घ्या."

आमची पहिली फेरी. काय सांगू. ट्रॉली एवढी मोठी की काकूंना पलीकडचं दिसेना. छतापर्यंत चढलेले खोके, तेलाचे डबे, गाद्या, टायर, आणि सगळं डझनाच्या पुढे. काकू हरखून गेल्या आणि त्यांच्याबरोबर मीही. त्यांचा हिशोब सरळ होता. कापड मीटरवर महाग पडतं आणि अख्खा तागा घेतला की स्वस्त. तर मग मिठाचाही तागाच घ्यावा.

त्यांनी पंचवीस किलो मीठ आणलं.

वन्संनी कागद-पेन्सिल घेतली. "तिघं माणसं," त्या म्हणाल्या, "आणि माझं ब्लडप्रेशर. हे मीठ मी गेल्यावर तुम्हाला सात वर्षं पुरेल."

मग शहाण्णव साबण आले. कागदी रुमालांचे अठ्ठेचाळीस गुंडाळे आले. जागा नाही म्हणून सगळं वन्संच्या पलंगाखाली गेलं आणि खाली मावेना तेव्हा पलंगच साबणाच्या खोक्यांवर चढवला. वन्सं रोज स्टुलावर पाय देऊन झोपायला जायच्या आणि वरून म्हणायच्या, "पंख्याला जपा रे, तो आता माझ्या आवाक्यात आहे."

कळस केला केळ्यांनी. ऐंशी केळी, पाण्याच्या मोलाने. पण केळ्यांना शिस्त कुठली. मंगळवारी सगळी हिरवी, गुरुवारी सगळी काळी. बुधवारी तिघांनी सकाळ, दुपार, संध्याकाळ केळीच खाल्ली. घड्याळ न्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही काकांनी घड्याळासोबत पाच केळी दिली. तरी निम्मी गेली. टाचणी शून्याच्या खाली न्यायची तर टेप संपलेली, म्हणून वन्संनी ती चौकटीच्या तळाशी, उंबऱ्याजवळ टोचली.

सहा महिने झाले तेव्हा टाचणी नऊवर होती. त्या दिवशी काकूंनी मला खणातून काढलं, पदरानं पुसलं आणि बराच वेळ नुसतं हातात धरून बसल्या. "मी खरंच उधळी आहे का रे?" त्यांनी मला विचारलं. मला रडायला डोळे नाहीत, आणि आहेत ते साबणाकडे बघतायत. पण मला फार वाईट वाटलं.

मग धुण्याच्या पावडरीचं पोतं घ्यायची वेळ आली. ते काकूंना उचलेना. सभासदाला सोबत एक माणूस नेता येतो, म्हणून काका निघाले. दुकान अर्धा दिवस बंद ठेवावं लागलं म्हणून वाटभर धुसफुसत होते.

आत गेल्यावर काकू सवयीनं मधाच्या सगळ्यात मोठ्या डब्याकडे वळल्या. काका मात्र फळीवरच्या किमतीच्या चिठ्ठीपाशी थबकले. मोठ्या आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. त्यांनी खिशातून घड्याळाचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि वाकले.

"अगं, इकडे ये," ते म्हणाले. "इथं किलोमागचा भाव लिहिलाय."

"मग?"

"मग काय? मोठा डबा महाग पडतोय. तो पलीकडचा मधला घे."

काकूंनी स्वतः भिंग लावून पाहिलं. खरंच होतं. मोठं ते स्वस्त, या एका समजुतीवर त्यांनी सहा महिने काढले होते. त्या चिठ्ठीकडे बघून आधी त्या खजील झाल्या, मग हसू लागल्या, आणि काकाही हसू लागले. मधाच्या फळीपाशी दोघं इतकी हसली की एका माणसानं तिथं काय फुकट मिळतंय म्हणून चौकशी केली.

त्यानंतर आमचा थाट विचारू नका. दर पंधरा दिवसांनी काका दुकानाला कुलूप लावायचे आणि आम्ही तिघं निघायचो. काका डोळ्याला भिंग लावून फळ्याफळ्यांतून फिरत. तिथले नोकर त्यांना तपासणी अधिकारी समजून शर्ट खोचायला लागले. काकू टेपनं खोके मोजून कुठलं कुठं मावेल ते तिथंच ठरवत. यादीबाहेरचं काही घ्यायचं नाही, उपाशीपोटी जायचं नाही, नासणारं घ्यायचं नाही. पावडर, तेल, ब्लेड, बल्ब. टाचणी वीस, पन्नास, ऐंशी करत निघाली. वन्सं तिला थर्मामीटरसारखं बघायच्या. "आज ताप चांगला चढलाय," म्हणायच्या.

पण वर्ष संपायला चार दिवस उरले आणि टाचणी ब्याण्णववर अडली. घरात काही म्हणजे काही संपलेलं नव्हतं. कात्री माझ्याकडे बघायला लागली.

काकांनी मला हातात घेतलं, उलटं केलं आणि सवयीनं भिंग लावलं. माझी पाठ आजवर कुणी वाचली नव्हती, मीसुद्धा नाही.

"सभासद असमाधानी असल्यास पूर्ण फी परत," त्यांनी वाचलं.

पहिल्या बोलल्या वन्सं. "म्हणजे कार्ड परत केलं तर फी शून्य. आणि ब्याण्णवच्या ब्याण्णव निव्वळ नफा."

काकूंचे डोळे लकाकले. पैज त्या आठ सेंटिमीटरनं हरत होत्या, आता एका झटक्यात जिंकत होत्या. उधळी हे नाव कायमचं पुसलं जाणार होतं. काकाही खूष. वर्षातली सगळ्यात मोठी बचत म्हणजे मीच, मला टाकून देणं. ज्यांच्यासाठी मी झिजलो त्यांनीच मला हसत हसत पर्समध्ये घातलं. मी मनातल्या मनात कात्रीची माफी मागितली, वर्षभर उगाच तिलाच भ्यायलो होतो.

काउंटरवरच्या बाईनं मला घेतलं. "परत करायचंय? कारण?"

"असमाधानी," काकू म्हणाल्या.

"कशाबद्दल?"

"म्हणजे... सगळ्याचबद्दल. ट्रॉलीची चाकं वाजतात. आणि केळी."

बाई लिहायला लागली. काका खाकरले. हा माणूस घड्याळातली नुसती धूळ फुंकली तर पैसे घेत नाही.

"नका लिहू," ते म्हणाले. "खोटं आहे ते."

"अहो, गप्प बसा ना. मी जिंकतेय."

"जिंक की. पण असमाधानी कशी म्हणतेस? लग्नानंतर वर्षभर आपण कुठं कुठं गेलो, मग दुकान आलं, मशीन आलं. अकरा वर्षांत दोघं मिळून कोपऱ्यापर्यंतही गेलो नव्हतो. या वर्षी बारा वेळा इथं आलो. मी दर खेपेची वाट बघत होतो." मग त्या बाईकडे वळून म्हणाले, "आमचं समाधान झालंय. पुढच्या वर्षाची फी घ्या."

आणि त्यांनी स्वतःच्या पाकिटातून पैसे काढले. काकूंचे डोळे भरून आले होते. बाईनं मला यंत्रात घालून परत दिलं, तसा मी पुन्हा गरम झालो.

दारापाशी काकूंना आवाज फुटला. "पण एक लक्षात ठेवा. फी तुम्ही भरलीत. या वर्षी वसूल तुम्ही करायची. नाहीतर उधळे तुम्ही."

काकांनी ट्रॉली ओढली.

सध्या माझा मुक्काम काकांच्या शर्टाच्या खिशात आहे. कोपरे झिजलेत, काकूंचा फोटो जरा पुसट झालाय, टाचणी सहावर आहे आणि मीठ अजून तेवीस किलो आहे. तुमच्या पाकिटात माझा एखादा भाऊबंद पडून असेल, तर एवढं ऐका. त्याला फिरायला न्या. पोटभर जेवून जा, यादी नेऊन जा, बारीक अक्षर वाचा. आणि ट्रॉली दोघांनी ढकला. दुसऱ्या माणसाची फी पडत नाही.